डासाचा घोडा

रुमानियन भाषेत राईचा पर्वत होत नाही, तिथे डासाचा घोडा होतो. तोही साधासुधा घोडा नव्हे, चांगला उमदा, फुरफुरणारा नर घोडा. 'त्सन्त्सार' म्हणजे डास आणि 'अर्मसार' म्हणजे तो घोडा. दोन्ही शब्दांचं यमक जुळतं, त्यामुळे म्हणणाऱ्याच्या जिभेलाही जरा मजा येते. याचं इंग्रजी करा म्हटलं तर जाणकार माणूस क्षणात करून देईल, 'मेकिंग अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल'. चूक काढायला जागा नाही, अर्थ अगदी तोच. पण हिशेब मांडून बघा. डास गेला, घोडा गेला, यमक गेलं, आणि बदल्यात हाती काय आलं? जमीन पोखरणाऱ्या एका छोट्या प्राण्याने उकरलेला मातीचा ढीग! मला विचाराल तर यापेक्षा आपला 'पराचा कावळा' जास्त जवळचा. तिथे निदान शेवटी एक जिवंत प्राणी तरी उभा राहतो.

मी आयुष्यभर मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. स्वतः मराठी माध्यमातूनच बी. ए. झालेला, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेला माणूस. 'समानार्थी इंग्रजी म्हण लिहा' हा माझा आवडता प्रश्न. नाचता येईना अंगण वाकडे, की 'अ बॅड वर्कमन क्वारल्स विथ हिज टूल्स'. उथळ पाण्याला खळखळाट फार, की 'एम्प्टी व्हेसल्स मेक मच नॉइज'. पोरं घडाघडा पाठ म्हणायची. खेड्यातल्या मुलाला इंग्रजी परकं वाटू नये म्हणून हा फार चांगला उपाय होता, आणि आजही माझं तेच मत आहे. आपल्याला जे सुचतं ते साहेबालाही सुचतं, हे कळल्यावर पोराचा चेहरा खुलायचा.

पण हा झाला मराठी-इंग्रजीचा मामला. रुमानियन कुठून आली? नातलगांना ठाऊकच आहे, इतरांसाठी सांगतो. आमची सून रुमानियाची. सिबिऊ नावाचं एक सुंदर जुनं शहर आहे, त्याच्या जवळच्या खेड्यातली. रुमानिया २००७ साली युरोपीय संघात गेला, पण तिथल्या लोकांवर इंग्लंडमध्ये नोकरी करायला असलेली बंधनं उठली ती १ जानेवारी २०१४ ला. त्याच वर्षी ती इंग्लंडला आली आणि पुढे यथावकाश आमच्या घरात आली. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्या खेड्यातच राहतात. त्यांना इंग्रजी येत नाही. शाळेत फ्रेंच शिकल्या होत्या, ते त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'गाईबरोबर चरायला गेलं'. मला फ्रेंचही येत नाही. त्यामुळे आमचं दोघांचं सगळं बोलणं सूनबाईंच्या इंग्रजीतून. आणि विहीणबाई म्हणजे अशा, की दर तिसऱ्या वाक्याला एक म्हण!

२०१८ साली सप्टेंबर-ऑक्टोबरात आम्ही दोघं तिथे तीन आठवडे राहून आलो. पहिल्याच दिवशी मी अंगणात उभा राहून त्यांचं ते भलंमोठं लाकडी फाटक, गवताची गाडी, सुकत घातलेली कणसं असं सगळं बघत होतो. विहीणबाई काहीतरी बोलल्या आणि सगळे हसले. मी विचारलं, काय म्हणाल्या? सूनबाई म्हणाल्या, "शी सेज यू लुक अ लिटल लॉस्ट, बाबा." आता एवढ्या साध्या वाक्याला दहा माणसं हसतील का? चार दिवसांनी मुलाने खरं काय ते सांगितलं. 'नव्या फाटकाकडे बघणाऱ्या वासरासारखे दिसताय' असं त्या म्हणाल्या होत्या. वासरू संध्याकाळी चरून घरी येतं, मालकाने फाटक बदललेलं असतं, आणि ते बिचारं बाहेरच उभं! मी हे ऐकून इतका खूश झालो की सांगता सोय नाही. अशी चपखल थट्टा माझ्यापर्यंत पोचता पोचता 'थोडे गोंधळलेले' होऊन आली होती. त्या दिवशी सिबिऊच्या दुकानातून एक वही आणली.

वहीत तीन रकाने. पहिल्यात विहीणबाईंचं वाक्य शब्दाला शब्द, दुसऱ्यात सूनबाई देतात ती इंग्रजी म्हण, तिसऱ्यात आपली मराठी.

काही ओळी अगदी बिनबोभाट जुळल्या. गवताच्या गाडीत सुई शोधणं, दान मिळालेल्या घोड्याचे दात न बघणं, भुंकणारं कुत्रं न चावणं, या तर साऱ्या युरोपभर फिरलेल्या गोष्टी. (दानाचा घोडा आपल्याकडे गाय होऊन आला आहे, 'धर्माची गाय आणि दात का नाय'.) अशांवर मी फार वेळ घालवला नाही. खरी गंमत जिथे जुळतं पण चिकटत नाही तिथे.

आता ही बघा. 'हातातली चिमणी देऊन कुंपणावरचा कावळा घेऊ नये.' इंग्रजीत होतं, 'अ बर्ड इन द हँड इज वर्थ टू इन द बुश'. अर्थ एकच. पण इंग्रज मोजतो आहे, हातातला एक बरोबर झुडपातले दोन, दुकानदाराचा हिशेब. विहीणबाईंच्या म्हणीत आकडे नाहीतच. तिथे चिमणी आहे, लहानशी पण आपली, आणि समोर कावळा आहे, आकाराने मोठा पण ज्याचा कोणालाच काही उपयोग नाही असा. हाव धरून माणूस जे मागतो ते मुळात घेण्यालायकही नसतं, हा टोमणा इंग्रजीत उतरत नाही. आपल्या 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी'त तर पक्षीच नाही, नुसती धावाधाव.

किंवा लांडगा. 'लांडगा केस बदलतो, पण खोड नाही.' सूनबाईंनी लगेच दिली, 'द लेपर्ड कॅनॉट चेंज हिज स्पॉट्स'. आता इंग्लंडात बिबट्या कुठला आला? तो बायबलमधून आला, यिर्मयाच्या पुस्तकातून. म्हणजे इंग्रजांचीही ती उसनीच. रुमानियाचा लांडगा मात्र घरचा. कार्पेथियन डोंगरात आजही लांडगे आणि अस्वलं युरोपातल्या बहुतेक देशांपेक्षा अधिक आहेत, आणि विहीणबाईंच्या लहानपणी कळपातली मेंढी गेली की ती कोणी नेली हे विचारावं लागत नसे. आमच्या उसात बिबटे फिरतात, पण आपण म्हण केली कुत्र्याच्या शेपटीवर आणि जळक्या सुंभावर. ज्याचा त्याचा शेजार!

वेड्या माणसाला इंग्रज म्हणतात त्याचा स्क्रू ढिला आहे. आपणही आता सर्रास तेच म्हणतो. रुमानियन म्हणतात, 'त्याची एक दोआगा कमी आहे.' दोआगा म्हणजे लाकडी पिंपाची उभी फळी. हे मला कळायला तळघरात जावं लागलं. थंडीसाठी मिठाच्या पाण्यात मुरत घातलेले कोबीचे अख्खे गड्डे, वाइन, प्लमची दारू, सगळं पिंपात. पिंपाला एक फळी नसली तर ते थोडंसं बिघडलेलं पिंप नव्हे, त्यात काहीच राहत नाही. स्क्रू ढिला असेल तर पिळून घट्ट करता येतो. तेव्हा ही दोन्ही वेडं सारखी नाहीत असं आपलं माझं मत. सूनबाईंना ते पटत नाही, त्या म्हणतात बोलताना इतका विचार कोण करतो!

गरिबीची म्हण ऐकून तर मी दोनदा विचारलं. 'मांजराची शेपटी ओढणे' म्हणजे महिनाअखेर कशीबशी गाठणे. इंग्रजी 'हँड टू माउथ' आणि आपलं 'हातावर पोट' हे जणू सख्खे भाऊ. मांजराची शेपटी कुठून आली ते विहीणबाईंनाही सांगता आलं नाही. रिकामटेकड्याला म्हणतात, 'कुत्र्यांसाठी पानं कापतोय'. याला इंग्रजीत अंगठे फिरवण्याचं काहीतरी आहे, पण आपल्याकडचा भिंतीला तुंबड्या लावणारा न्हावी या पानवाल्याच्या शेजारी बसवला तर दोघांची छान गट्टी जमेल. कधीच न होणारी गोष्ट 'घोड्यांच्या ईस्टरला' होते, किंवा 'संत थांबा' यांच्या उत्सवाला. हो, तिथे असा एक थट्टेतला संत आहे! एखाद्याने फार डोकं खाल्लं तर 'मला माझ्या खरबुजांतून बाहेर काढू नकोस' म्हणतात. आमची नात आता मोठी झाली आहे, तिला तीन भाषा येतात आणि ती हे वाक्य इंग्रजीतून शाळेत बोलते. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली होती म्हणे.

आपल्याशी थेट नातं सांगणारी म्हण एकच निघाली. 'टोपीवर माशी असणे.' म्हणजे मनात खात असणे. विहीणबाईंनी त्याची गोष्ट सांगितली. कोणाच्या तरी कोंबड्या चोरीला जातात. गावातला शहाणा म्हातारा सगळ्यांना जमवतो आणि म्हणतो, चोर मला दिसला, त्याच्या टोपीवर माशी बसली आहे. लगेच एकाचा हात टोपीकडे! मी खुर्चीतून उठलोच. हा तर आपला बिरबल! चोराच्या दाढीत काडी! मुलांना शिकवताना मी ही गोष्ट कित्येकदा सांगितली असेल. एवढ्या लांब ती टोपी घालून बसली होती. सूनबाईंच्या इंग्रजीत मात्र ती 'गिल्टी कॉन्शन्स' झाली होती. माशी नाही, टोपी नाही, कोंबड्या नाहीत, नुसता एक वजनदार शब्द. मी 'चोराच्या मनात चांदणं' समजावून सांगितलं तेव्हा विहीणबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, चांदणं वाईट कसं? मी सांगितलं, चोरीला निघालेल्याला विचारा!

अस्वलाचंही तसंच. कोणाला 'चल नीघ इथून' म्हणायचं तर 'प्लिम्बा उर्सुल', अस्वलाला फिरवून आण. इंग्रजीत 'टेक अ हाइक' झालं. पूर्वी तिकडे गावोगाव अस्वलाचे खेळ करणारे लोक हिंडत. अंगणात आले की पोरं खूश आणि मोठी माणसं चार नाणी देऊन वाटेला लावायला बघत. आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन यायचा, आई त्याला पसाभर धान्य घालायची आणि अस्वलाचा केस ताईतात घालायला मागून घ्यायची. म्हणजे इंग्रजीच्या वाटेने गेलं तर आम्हाला डोंगर चढायला पाठवतात, आणि सरळ गेलं तर आम्ही दोघं एकाच अस्वलाच्या भोवती बसलेले!

हे सरळ जाणं कधी कधी आपोआप होतं. एकदा फोनवर विहीणबाई म्हणाल्या, "हबार नाम." सूनबाईंनी 'शी हॅज नो आयडिया' म्हणायच्या आत मी म्हटलं, खबर नाही ना? शब्द तोच. त्यांच्याकडे तो तुर्कांकडून गेला, आपल्याकडे फारशीतून आला. वालाखिया आणि मोल्दाविया ही रुमानियाची जुनी राज्यं शतकानुशतकं तुर्की सुलतानाची मांडलिक होती, स्वातंत्र्य जाहीर झालं ते १८७७ साली. तेव्हाचे शब्द अजून बोलण्यात आहेत. दुशमान म्हणजे दुश्मन. बक्शीश म्हणजे वेटरला द्यायचं बक्षीस. मुसाफिर म्हणजे त्यांच्याकडे पाहुणा. मायदान म्हणजे मोकळी पडीक जागा, आणि तिथल्या भटक्या कुत्र्याला 'मायदानेझ' म्हणतात, मैदानी! घाई करणाऱ्याला म्हणतात, 'काय, तुर्क आलेत का?' किंवा 'तातार आलेत का?' इंग्रजीत याचं 'व्हेअर इज द फायर' होतं. आपल्याकडे मात्र जुनी माणसं अजून 'काय धाड आली आहे का' म्हणतात. ज्यांच्या गावावर खरोखर धाडी पडल्या त्यांनाच हे सुचतं.

व्याकरणातही एक गोष्ट सापडली, आणि मास्तर असल्यामुळे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रज म्हणतो 'आय अ‍ॅम हंग्री', म्हणजे मी भुकेला आहे. रुमानियन म्हणतो 'म्ये फ्वामे', शब्दशः 'मला भूक आहे'. थंडी, तहान, झोप, सगळं 'मला'. आपल्यासारखं! मी हे सूनबाईंना मोठ्या उत्साहाने समजावू लागलो तेव्हा पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, 'माळ्याला काकड्या विकताय.' ज्याला येतं त्यालाच शिकवताय. इंग्रजीत यासाठी आजीला अंडी चोखायला शिकवण्याची म्हण आहे. ती माझ्या वहीत दुसऱ्या रकान्यात आहे, पण स्वतः आजी झालेल्या विहीणबाईंना मी ती अजून सांगितलेली नाही.

आता हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मी सूनबाईंची उलटतपासणी घेतो आहे. तसं मुळीच नाही. तिची बाजू तिने एकदा मला स्पष्ट सांगितली आणि ती विचार करण्यासारखी आहे. ती म्हणाली, "बाबा, मी नवीन असताना ऑफिसात आमच्या म्हणी शब्दशः बोलायचे. सगळे हसायचे. प्रेमानेच हसायचे, पण हसायचे. मी कामाबद्दल बोलत असायचे आणि त्यांना डास आणि घोडा दिसायचा. माझी आई गावातली हुशार बाई आहे. तिचं बोलणं शब्दशः सांगितलं की ती गमतीदार म्हातारी होते. मला ते नको असतं."

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. खरंच आहे. रोज बोलणाऱ्याला म्हणीतलं चित्र दिसत नाही. आपण 'पाचावर धारण बसली' म्हणताना कोणती धारण आणि कशी बसली हे कुठे बघतो? विहीणबाई डासाचा घोडा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे घोडा नसतोच. तो माझ्यासारख्या परक्याला दिसतो. तेव्हा शब्दशः केलेलं भाषांतर जास्त प्रामाणिक, असं म्हणणंही सोपं नाही. त्यात बोलणाऱ्याच्या मनात नसलेली जत्रा आपण भरवतो. एक इंग्रज पाद्री होते, मॅनवेअरिंग नावाचे. त्यांनी मराठी म्हणींचं इंग्रजी भाषांतराचं पुस्तक १८९९ साली ऑक्सफर्डहून काढलं. मोठ्या कष्टाचं काम आहे, पण ते वाचताना मला अधूनमधून वाटतं की या पुस्तकातले मराठी लोक जरा जास्तच नमुनेदार आहेत. आमची आजी अशी होती का? होती, पण अशी दिसत नव्हती.

म्हणून व्यवहाराच्या बोलण्यात, हवापाण्याच्या गप्पांत, डॉक्टरकडे, बँकेत, सूनबाईंची पद्धत बरोबर. माणसाचं काम व्हावं आणि त्याचा मान राहावा. माझी वही ही निवृत्त माणसाची चैन आहे, हे मी कबूल करतो.

फक्त एका ठिकाणी माझं मन तिथे थांबतं.

आमची ही २०२२ च्या पावसाळ्यात गेली. चौथ्या का पाचव्या दिवशी विहीणबाईंचा व्हिडिओ फोन आला. डोक्याला काळा रुमाल बांधला होता. आधी त्या काहीच बोलल्या नाहीत. मग एक वाक्य म्हणाल्या, ते मला सूनबाईंच्या मदतीशिवाय कळलं, 'म्ये दोर दे या'. मला तिची आठवण येते. पुन्हा ते 'मला'. त्यानंतर त्या अजून एक वाक्य हळू आवाजात म्हणाल्या आणि सूनबाईंनी सांगितलं, "शी सेज, धिस टू शॅल पास." हेही दिवस जातील. मी मान हलवली. त्या दिवसांत येणारं प्रत्येक जण हेच सांगत होतं, कोणी गीतेतून, कोणी अनुभवातून. त्यात अजून एक. मनावर काही उमटलं नाही, आणि खरं सांगायचं तर जावेत असं मला त्या दिवसांबद्दल वाटतही नव्हतं.

पुढे फेब्रुवारीत मी वही परत काढली. वेळ जात नव्हता. सूनबाईंना म्हटलं, आईंना म्हणी बोलून पाठवायला सांग, मी ऐकून लिहितो. पंधरा-वीस आल्या. त्यातली एक ऐकताच मी थांबलो, कारण ती मी आधी ऐकली होती. 'आपा त्रेचे, प्येत्रेले रमन.' पहिला शब्द लक्षात राहिला होता तो संस्कृत 'आप'मुळे. (आप म्हणजे पाणी आणि आपा म्हणजेही पाणी. पण हे साम्य योगायोगाचं. त्यांचा शब्द लॅटिन 'आक्वा'पासून आला, लॅटिनमधल्या 'क्व'चा रुमानियनमध्ये 'प' होतो. 'क्वात्तुओर'चं 'पात्रु' झालं, म्हणजे चार.) मी विचारलं, याचा शब्दाला शब्द अर्थ काय?

पाणी वाहून जातं, दगड राहतात.

मी दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघत बसलो. इंग्रजी वाक्य सांगतं, सगळं निघून जाईल. रुमानियन वाक्य सांगतं, सगळं जात नाही. माझ्यापर्यंत जे पोचलं ते विहीणबाई म्हणाल्या त्याच्या अर्धंसुद्धा नव्हतं, जवळजवळ उलट होतं. पाण्याचा भाग आला होता, दगड वाटेत कुठेतरी राहिले होते.

सूनबाईंना विचारलं तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, त्या क्षणी 'स्टोन्स' हा शब्द तुमच्यापुढे ठेवायचा मला धीर झाला नाही." आणि मलाही लगेच कळलं की ठेवला असता तर काय झालं असतं. बायको जाऊन पाच दिवस झालेल्या माणसाला 'दगड राहतात' असं मराठीत म्हणून बघा! मागे राहिलेले ते दगड, असंच कोणीही ऐकेल. आपल्याकडे दगड म्हणजे ठोंब्या, दगड म्हणजे निर्दय. शब्दशः भाषांतरही तिथे लंगडं पडलं असतं. तिने तिच्या परीने सासऱ्याला सांभाळलं.

मग तिने आईला विचारून मला नीट सांगितलं. तिकडे ही म्हण मोठ्या गोष्टींसाठीही वापरतात. राजे आले-गेले, तुर्क आले-गेले, सरकारं आली-गेली, गाव तिथेच राहिलं. घरात कोणी गेलं की तीच म्हण. "दगड म्हणजे कोण?" मी विचारलं. विहीणबाईंचं उत्तर सूनबाईंनी या वेळी शब्दाला शब्द सांगितलं. "घर. मुलं. तुम्ही केलेलं सगळं. आणि ती पण. ती पाणी नाही, ती दगड आहे. पाणी म्हणजे हे दिवस."

मी कृष्णाकाठचा माणूस. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पात्रातले दगड कसे दिसतात ते मला कोणी सांगायला नको. गुळगुळीत झालेले, पण जागच्या जागी.

त्या ओळीचा दुसरा रकाना मी खोडला नाही. सूनबाईंचं अक्षर आहे ते. तिसरा रकाना मात्र अजून रिकामा आहे. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश चाळून झाला, गावातल्या दोन म्हाताऱ्या बायकांना विचारून झालं. कोणाला सुचलं तर जरूर कळवा. 'कालाय तस्मै नमः' सुचवू नका, ते पुन्हा पाण्याकडेच जातं.

एरवी वहीचं काम जोरात चालू आहे, आणि आता उलट दिशेनेही. गेल्या रविवारी मी विहीणबाईंना 'उंटावरचा शहाणा' सांगितला. म्हशीचं तोंड रांजणात अडकतं, सल्ला द्यायला उंटावरून शहाणा येतो. आधी उंटासकट आत येता यावं म्हणून घराची भिंत पाडायला लावतो, मग म्हशीची मान कापायला लावतो, आणि शेवटी मान आतच राहिली म्हणून रांजणही फोडायला लावतो. सूनबाईंनी इंग्रजी म्हण शोधायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, सगळी गोष्ट सावकाश सांगितली, रांजणाचं पिंप करून. विहीणबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मी विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

सूनबाई म्हणाल्या, "आई म्हणते, आमच्याकडे म्हण नाही. पण माणूस तोच आहे. फक्त तो उंटावरून येत नाही, बुखारेस्टहून मोटारीतून येतो."